दाखल्यावर ‘मुस्लिम’ लिहिलंय, पण जात कुठे आहे?

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. गोंदियात पाऊस लागून राहिला होता, गावोगाव धानाची रोवणी सुरू होती. शाळा सुटल्यावर एक अम्मी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली होती, सीईटी दिली होती, बी.फार्म.ला नंबर लागण्यासारखा होता. वडील राईस मिलमध्ये हमाली करतात, अम्मी घरी बिडी वळतात. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“मॅडम, सेतूवाला म्हणतो यात जातच नाही. आता कसं करायचं जी?”

दाखला मी पाहिला. धर्म आणि जातीच्या रकान्यात एकच शब्द होता : मुस्लिम. खाली मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का. सगळं व्यवस्थित. अक्षर मात्र ओळखीचं वाटलं. त्या मुलीचा पहिलीचा प्रवेश मीच करून घेतला होता. रजिस्टरमध्ये ती नोंद माझ्याच हातची होती.

तेव्हा मला त्यात काही चूक वाटली नव्हती. वडिलांना विचारलं, “जात काय लिहू?” ते म्हणाले, “मुसलमान लिहा.” मी लिहिलं. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांची किंमत काय असते, हे मला बारा वर्षांनी कळलं. म्हणून हा लेख. यात कोणावर आरोप नाही. आपल्या घराघरात हा प्रश्न आहे, तो नीट समजून घ्यावा एवढीच इच्छा आहे.

कायद्यानं दार उघडलं, पण परीक्षा मध्येच ठेवली

आधी एक दूरची गोष्ट सांगते, ती आपल्या कामाची आहे.

अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगवेगळ्या असत. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशा वेगळ्या सरकारी शाळा राज्यघटनेत बसत नाहीत. त्याच वर्षी रुबी ब्रिजेस नावाची मुलगी जन्माला आली. म्हणजे तिच्यासाठी कायदा जन्माआधीच बदलला होता. पण ती सहा वर्षांची होईपर्यंत तिच्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या शाळा होत्या तशाच राहिल्या. शेवटी कोर्टाचा रेटा आला, तेव्हा शाळा चालवणाऱ्यांनी काळ्या मुलांसाठी एक प्रवेश परीक्षा ठेवली. त्यातून फक्त सहा मुलं निवडली गेली. त्यातली दोघं आपल्या जुन्याच शाळेत राहिली, तिघी एका शाळेत गेल्या आणि रुबी एकटी विल्यम फ्रँट्झ शाळेत गेली. १४ नोव्हेंबर १९६० रोजी केंद्र सरकारचे मार्शल तिला गर्दीतून शाळेत घेऊन गेले.

गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. बार्बरा हेन्री नावाच्या एकाच शिक्षिकेनं तिला शिकवायचं कबूल केलं. वर्षभर वर्गात एक शिक्षिका आणि एक मुलगी. रुबीच्या वडिलांची नोकरी गेली. दूर मिसिसिपीत तिचे आजी-आजोबा बटाईनं जी जमीन कसत होते, तीही सुटली.

या गोष्टीत तीन माणसं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कायदा लिहिणारा न्यायाधीश, मुलीचा हात धरून शाळेपर्यंत नेणारी आई आणि वर्गात थांबलेली शिक्षिका. यातलं एक जरी कमी असतं तरी निकाल कागदावरच राहिला असता. आणि आणखी एक गोष्ट. दार उघडलं तरी मध्ये एक परीक्षा ठेवता येते. आपल्याकडे ती परीक्षा बहुतेक वेळा कागदाची असते.

आपल्यासाठी कायदा काय सांगतो

आपल्या लोकांमध्ये एक मोठा गोंधळ आहे, तो आधी दूर करू. “मुसलमानांचं आरक्षण तर रद्द झालं, मग आता काय?” असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून मुस्लिम समाजातल्या मागास गटांसाठी ५ टक्के आरक्षण दिलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यातला नोकरीचा भाग थांबवला, शिक्षणातला भाग चालू ठेवायला हरकत घेतली नाही. पण अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही आणि तो संपला. ते आरक्षण आज नाही.

ओबीसी आरक्षण मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि आजही आहे. ते धर्मावर दिलेलं नाही. पिढ्यानपिढ्या कोणता व्यवसाय केला, समाजात काय स्थान मिळालं, शिक्षणात किती मागे राहिले, यावर ते आहे. म्हणून महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत कापूस पिंजणारे पिंजारी-मन्सूरी आहेत, कापड विणणारे मोमीन-जुलाहा-अन्सारी आहेत, फळं-भाजी विकणारे बागवान आहेत, अत्तार, तांबोळी, मणियार आहेत. छप्परबंद समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, मुस्लिम छप्परबंदांसकट. मंडल आयोगानं हीच दृष्टी ठेवली होती आणि १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं की मागासलेपण हिंदू समाजापुरतं नसतं. महाराष्ट्रात हा हक्क लोकांपर्यंत नेण्यासाठी जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी १९९० च्या दशकात मोठी चळवळ केली. दिलीप कुमार साहेबही त्या कामात त्यांच्यासोबत उभे राहिले.

ज्यांची बिरादरी मागासवर्गाच्या कोणत्याच यादीत नाही, त्यांनाही एक वाट आहे. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांसाठी, म्हणजे ईडब्ल्यूएससाठी १० टक्के जागा आहेत. त्यात धर्माची अट नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण करणारं सय्यद किंवा पठाण कुटुंबही अर्ज करू शकतं. पण ज्यांची बिरादरी ओबीसी यादीत आहे, त्यांना ईडब्ल्यूएस मिळत नाही. माझ्या विद्यार्थिनीचं नेमकं इथंच अडलं. ती पिंजारी. यादीत नाव असल्यामुळे ईडब्ल्यूएस नाही आणि कागदात जात नसल्यामुळे ओबीसी नाही. दोन्ही दारांच्या मधोमध ती उभी होती.

आणि हे साधं नुकसान नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. हमालाच्या मुलीसाठी याचा अर्थ सरळ आहे. प्रमाणपत्र असेल तर कॉलेज, नसेल तर घर.

“इस्लाममध्ये जात नाही, मग लिहायची कशाला?”

हा प्रश्न प्रामाणिक आहे. माझ्या अब्बांचाही होता. मशिदीत सगळे एका सफमध्ये उभे राहतात, तिथं कोणी पिंजारी नाही, कोणी सय्यद नाही. आपल्या वाडवडिलांनी शाळेत “मुसलमान लिहा” म्हटलं, त्यात कमीपणाची भीती कमी आणि हा अभिमान जास्त होता असं मला वाटतं.

पण रजिस्टरचा रकाना आपलं ईमान विचारत नाही. तो विचारतो की तुमचे बापजादे कोणता धंदा करून पोट भरत होते, आणि त्या धंद्यामुळे तुमचं घर तालिमीत किती मागे राहिलं. आपला आजा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या भरत फिरायचा, हे सांगण्यात लाज कसली? हलालची कमाई होती ती. धर्माच्या रकान्यात इस्लाम किंवा मुस्लिम, जातीच्या रकान्यात बिरादरीचं नाव. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहावं.

दुसरा घोळ आडनावाचा आहे. आपल्याकडे पुष्कळ पिंजारी कुटुंबं आडनाव ‘शेख’ लावतात. शेख हे आडनाव दाखल्यावर असतं, जात म्हणून मात्र ते कामाचं नाही. मुख्याध्यापकांनी “शेख ना? मग मुस्लिम शेख लिहितो” म्हटलं आणि आपण मान डोलावली, की पुढचं सगळं बिघडतं.

१३ ऑक्टोबर १९६७ आणि जुने कागद

जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात, अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून होतो. त्यानंतर ते प्रमाणपत्र जात पडताळणी समितीकडे जातं आणि वैधता प्रमाणपत्र मिळतं. व्यावसायिक कॉलेजच्या राखीव जागेसाठी दोन्ही लागतात, सोबत नॉन-क्रिमिलेअरही.

या सगळ्याला पाया आहे राज्याच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याचा. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. या कायद्यात जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकलेली आहे. अधिकाऱ्यानं तुमच्यासाठी पुरावा शोधावा अशी अपेक्षा ठेवू नका.

ओबीसींसाठी महत्त्वाची तारीख १३ ऑक्टोबर १९६७. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ती २१ नोव्हेंबर १९६१ आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात अमुक होती, हे दाखवावं लागतं. म्हणून मुलीच्या किंवा बापाच्या दाखल्यापेक्षा आज्याच्या, पणज्याच्या कागदाला वजन जास्त. कागद वडिलांच्या बाजूच्या रक्तातल्या नात्याचा हवा : आजोबा, चुलत आजोबा, काका, फुफी. आईच्या माहेरचा कागद चालत नाही.

गोंदिया जिल्ह्यात हे कागद कुठे शोधायचे?

पहिली जागा म्हणजे जुनी प्राथमिक शाळा. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरमधून उतारा मिळतो. आजोबा दुसरी-तिसरीपर्यंत जरी शिकले असले तरी नोंद असते. आजोबा शिकले नसतील तर त्यांचे भाऊ शिकले होते का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

दुसरी जागा म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंद. आपल्या विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेखात ती पाहायला मिळू शकते. त्यात बापाचं नाव आणि जात असे.

तिसरी जागा म्हणजे जमिनीचे जुने कागद, घर किंवा शेत असेल तर.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आजोबांचा कागद गोंदियात सापडला नाही म्हणून निराश होऊ नका, भंडाऱ्याला जाऊन चौकशी करा. त्याच्याही मागे गेलात तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती. त्यामुळे १९५६ च्या आधीच्या कागदावर ‘मध्य प्रदेश’ दिसलं तरी घाबरू नका. गाव तेच आहे, राज्य बदललं.

पण जी कुटुंबं १९६७ नंतर बालाघाट किंवा राजनांदगावकडून इथं आली, त्यांची गोष्ट वेगळी आहे. ती स्थलांतरित धरली जातात आणि महाराष्ट्रातल्या सवलतींसाठी त्यांची वाट अवघड आहे. रेल्वे आणि रोजगारामुळे अशी कुटुंबं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी एजंटला पैसे देण्याआधी कुणा जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

एक दिलाशाची गोष्टही आहे. वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या नातेवाइकाला आधीच वैधता प्रमाणपत्र मिळालेलं असेल, तर ते मोठा आधार ठरतं. समितीनं त्याचा मान ठेवावा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं आहे. म्हणून घरात एकाचं काम झालं की त्याची झेरॉक्स सगळ्या भावा-बहिणींच्या घरी पोहोचवा. भांडण असलं तरी पोहोचवा.

कोणत्या वर्गात काय करायचं

पहिलीत : प्रवेश घेताना फॉर्म स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्या मुलाला सोबत न्या. जातीच्या रकान्यात काय लिहिलं ते विचारा. वडिलांचं जात प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत द्या. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश मात्र अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये हे स्पष्ट आहे.

पाचवी ते सातवी : आजोबांचे कागद शोधायला हाच वेळ. घाई नसते, म्हातारी माणसं हयात असतात.

आठवी-नववी : मुलाचं जात प्रमाणपत्र काढा. रजिस्टरमध्ये ‘मुस्लिम’ एवढंच असेल तर पुराव्यासह मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. शिक्षण विभागाच्या परवानगीनं ही दुरुस्ती होते, पण मूल शाळेत असेपर्यंत. एकदा दाखला हातात पडला की हेच काम कितीतरी अवघड होतं.

अकरावी : सायन्सला प्रवेश झाला की कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. निकालानंतर अर्ज केलेल्यांना कधी कधी पावतीवर मुदत मिळते, पण त्या मुदतीच्या भरवशावर मुलाचं वर्ष लावू नका.

बारावी : नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा.

आणि एक इशारा. पुरावा नसेल तर तयार करू नका. रजिस्टरमध्ये खाडाखोड करून देतो, चार-पाच हजारांत सगळं होतं, असं सांगणारे भेटतात. खोटं प्रमाणपत्र घेतल्याचं सिद्ध झालं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, प्रवेश रद्द होतो, घेतलेले पैसे परत द्यावे लागतात. दुनियेतली शिक्षा ही झाली. ज्याचा खरा हक्क होता त्याची जागा आपण घेतली, त्याचा हिशोब वेगळाच आहे.

शाळेपर्यंत आलो, पुढे का नाही?

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. देशात सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा एक तर शाळेत गेलाच नव्हता किंवा मध्येच सुटला होता, असं त्यात होतं. पण महाराष्ट्राचं चित्र थोडं वेगळं आहे. २००१ च्या जनगणनेत राज्यातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची सरासरी ७६.९. म्हणजे आपण सरासरीच्या पुढे होतो. आपली मुलं शाळेत येतात, शिकतात. गळती पुढे होते, दहावी-बारावीनंतर, जिथं फी मोठी होते आणि कागद मोजले जातात.

गरिबी आहेच. राईस मिलची मजुरी, तेंदूपत्त्याचा हंगाम, हजार बिड्यांचा हिशोब, हे मी रोज पाहते. पण प्रत्येक अडचण गरिबीची नसते. काही अडचणी एका शब्दाच्या असतात, आणि तो शब्द वेळेवर लिहिला तर त्याला एक पैसा लागत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात कायद्यानं तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. आपल्या अम्मी लोकांनी त्या समितीत बसावं. वर्षातून एकदा, जुलैमध्ये, सगळ्या पालकांना आपापल्या मुलांची नोंद वाचून दाखवा, एवढी मागणी करावी. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीतून एक एलान झालं तरी पन्नास घरं जागी होतील.

त्या मुलीचं काय झालं?

तिच्या वडिलांना घेऊन आम्ही कामाला लागलो. त्यांचा दाखला पाहिला : ‘मुसलमान’. आजोबा शाळेतच गेले नव्हते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या फुफींनी सांगितलं की आजोबांचे धाकटे भाऊ अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यात दोन वर्षं शाळेत जात होते. तिथल्या मुख्याध्यापकांनी जुनं, वाळवी लागलेलं रजिस्टर काढलं. १९५४ ची नोंद. नावापुढे, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं : पिंजारी.

त्या अनोळखी गुरुजींनी सत्तर वर्षांपूर्वी एक जास्तीचा प्रश्न विचारला होता. “मुसलमान ठीक आहे, पण काम काय करता?” असं काहीतरी विचारलं असेल. मी तो प्रश्न विचारला नव्हता.

कागद मिळाला तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मुलीनं त्या वर्षी गोंदियातच बी.एस्सी.ला नाव घातलं. प्रमाणपत्र, मग वैधता, सगळं व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. तिनं पुन्हा सीईटी दिली आणि २०२५ मध्ये बी.फार्म.ला गेली. एक वर्ष गेलं. ते वर्ष तिला कुणी परत देणार नाही, मीही नाही. तिचा धाकटा भाऊ तेव्हा नववीत होता. त्याच्या नोंदीची दुरुस्ती झाली आहे.

आता माझ्या टेबलावर प्रवेशाचा फॉर्म येतो तेव्हा मी पेन खाली ठेवते आणि विचारते, “दादा, आजोबा काय काम करायचे?” सुरुवातीला लोक चमकतात. मग सांगू लागतात.

आज घरी गेलात की मुलांचे दाखले काढा. फक्त जातीचा रकाना वाचा. ‘मुस्लिम’ एवढंच लिहिलेलं असेल तर उद्याच शाळेत जा. अल्लाह आपल्या मुलांच्या तालिमीत बरकत देवो. आमीन.